बेचाळीसशे रुपयांसाठी सरकारवर दावा: विधि व न्याय विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव व विधि परामर्शी,
विधि व न्याय विभाग, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी एका तालुका न्यायालयाच्या आवारात टायपिंगचं टेबल लावून बसते. आधी रेमिंग्टन होतं, आता लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. वरचा पत्रा मात्र तोच आहे आणि पावसाळ्यात तो त्याच जागी गळतो. एकतीस वर्षं झाली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती रोज सकाळी साडेदहाला चढते, पण दुसऱ्यांच्या कागदांसाठी. स्वतःच्या कामासाठी चढायची वेळ आली तेव्हा जे कळलं, ते तुमच्या कानावर घालायला हे पत्र लिहिते आहे.

माझ्या वडिलांचा शेजारच्या गटवाल्याशी बांधावरून वाद होता. २००९ मध्ये कोर्टाने जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमला आणि त्याच्या फीपोटी ४,२०० रुपये कोर्टात जमा करायला सांगितले. वडिलांनी ते नाझर ऑफिसात, म्हणजे कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या शाखेत, भरले आणि पावती घेतली. कमिशनर बांधावर पोचण्याआधीच दोन्ही घरांत सोयरीक जुळायची लक्षणं दिसू लागली. मग कसला बांध नि कसलं काय! लोकअदालतीत तडजोड पुरसीस, म्हणजे वाद मिटल्याचं लेखी निवेदन, दिली, दावा निकाली निघाला, पेढे वाटले. कमिशनरची फी खर्चच झाली नव्हती, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. वर्षभराने वडिलांना आठवलं. त्यांनी रक्कम परत मिळावी म्हणून साधा अर्ज दिला. त्यावर शेरा पडला, 'रेकॉर्ड मागवून अहवाल सादर करावा.' रेकॉर्ड तोवर जिल्ह्याला गेलं होतं. वडील दर महिन्याला विचारायला यायचे, माझ्या टेबलापाशी बसून चहा घ्यायचे आणि परत जायचे. २०१६ मध्ये ते गेले.

पावती मला त्यांच्या ट्रंकेत सापडली. सातबारा, रेशनकार्ड आणि युरियाच्या पिशवीतून कापलेलं प्लास्टिक, त्यात घडी करून ठेवलेली. निळी शाई उडालेली, पण नंबर वाचता येतो आणि गोल शिक्क्याचा अर्धा भाग स्वच्छ आहे. ती घेऊन मी नाझरसाहेबांकडे गेले. माणूस भला आहे. म्हणाले, "ताई, पैसे तुमचेच आहेत. नाही कोण म्हणतंय?"

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

पैसे आमचेच, पण तीन वर्षं उलटल्यामुळे अनामत 'लॅप्स' होऊन सरकारजमा झालेली. ती परत काढायची तर कोर्टातून प्रस्ताव, ट्रेझरीची तपासणी, मंजुरी. आणि भरणारा हयात नाही म्हणून वारस दाखला. वारस दाखला आपल्याकडे आजही १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळतो. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. तोही काढला. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीसच अडीच हजारांची पडली. वकीलसाहेबांनी फी घेतली नाही, कारण त्यांचे अर्धे कागद मीच टाइप करते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण वडील त्या पैशांसाठी किती वेळा एसटीने आले होते, हेही मला ठाऊक होतं.

दाखला जोडून प्रस्ताव गेला. ट्रेझरीने विचारलं, ही रक्कम आधी अदा झालेली नाही असं प्रमाणपत्र कोर्टाने द्यावं. कोर्टात सांगितलं, त्या वर्षाचं अनामत रजिस्टर रेकॉर्ड रूमला आहे. रेकॉर्ड रूममध्ये सांगितलं, मागणीपत्र योग्य नमुन्यात नाही. यात कुणीही लाच मागितली नाही, कुणी वाईट बोललं नाही. चौथं वर्ष चालू आहे.

मग मनात आलं, दावाच लावावा. कलम ८० च्या नोटिसा मी इतक्या टाइप केल्यात की झोपेत सांगू शकेन. 'आमचे अशील यांचे सांगणेवरून व दिले माहितीवरून आपणांस नोटीस देण्यात येते ती येणेप्रमाणे.' सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या या कलमाखाली आधी सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना नोटीस द्यायची आणि दोन महिने थांबायचं. ठीक आहे, थांबू. सरकारी काम आणि सहा महिने थांब, त्यापेक्षा चार कमीच.

दावा कुठे लावायचा, इथे मी अडखळले. मला वाटलं, बेचाळीसशे रुपये म्हणजे स्मॉल कॉज. लहान रकमांच्या दाव्यांसाठीच तर लघुवादाची पद्धत आहे. साक्षीपुरावा थोडक्यात, निकाल लवकर, नेहमीच्या अपिलांची साखळी नाही. दुकानदाराची उधारी, हातउसने, असल्या वसुलीसाठी ती फार सोयीची. आमच्या वकीलसाहेबांनी हसून कपाटातून १८८७ चा प्रांतिक लघुवाद न्यायालय कायदा काढला आणि दुसरी अनुसूची उघडली. लघुवाद न्यायालयाने कोणते दावे चालवायचे नाहीत, त्यांची ती यादी. लांबलचक आहे. पण पहिल्या तीनच नोंदी वाचल्या आणि माझा विषय संपला. सरकारने किंवा सरकारच्या हुकमाने केलेल्या कृतीबद्दलचा दावा, नाही. न्यायालयाच्या निकालानुसार किंवा हुकमानुसार कुणी केलेल्या कृतीबद्दलचा दावा, नाही. सरकारच्या इतर अधिकाऱ्याने पदाच्या नात्याने केलेल्या कृतीबद्दलचा दावा, नाही. मुंबईत राहत असते तर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात जाता आलं असतं का, म्हणून विचारलं. तिथे १८८२ चा वेगळा कायदा आहे. त्याच्या कलम १९ मध्ये हेच वगळलेलं आहे.

शेजाऱ्याने बेचाळीसशे बुडवले तर छोट्या दाराने जायचं. सरकारने अडकवले तर मात्र मोठ्या दाराने, पूर्ण लवाजम्यासह. रेग्युलर दिवाणी मुकदमा. महाराष्ट्र शासन, तर्फे जिल्हाधिकारी. कैफियत, मुद्दे, सरतपास, उलटतपास, युक्तिवाद. हुकूमनामा झाला तरी कलम ८२ प्रमाणे त्या तारखेपासून तीन महिने पैसे आले नाहीत, तरच दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज. म्हणजे दाव्याआधी दोन महिने आणि निकालानंतर तीन. आणि नाझरसाहेबांनाच प्रतिवादी करायचं म्हटलं, तर समन्स बजावणारा बेलीफ त्यांच्याच हाताखालचा! आमच्या आवारात हा विनोद सांगितला की सगळे हसतात. बेलीफ जरा कमी हसतो.

गैरसमज नको म्हणून सांगते, न्यायाधीशांनी दिलेल्या निकालाबद्दल त्यांच्यावर दावे लावता यावेत असं मी म्हणत नाही. १८५० पासून त्यांना त्याचं संरक्षण आहे आणि ते असावंच, नाहीतर हरलेला प्रत्येक पक्षकार उद्या न्यायाधीशालाच आरोपीच्या पिंजऱ्यात बघेल. पण अनामत परत करणं हा न्यायनिवाडा नाही. तो हिशोब आहे.

कलम ८० बद्दल आमच्या नाशिक जिल्ह्याचीच एक गोष्ट आहे, ती आवारातल्या नव्या वकिलांनाही माहीत नसते. १९२१ मध्ये मालेगावात दंगल झाली. त्यानंतर भरपाईची रक्कम सरकारने रहिवाशांकडून वसूल करायचं ठरवलं. त्याविरुद्ध भागचंद दगडूसा आणि इतरांनी दावा लावला. नोटीस दिली होती, पण वसुली दारात येऊन ठेपलेली, म्हणून दोन महिने पुरे व्हायच्या आत दावा दाखल केला. प्रकरण थेट लंडनला, प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि १९२७ मध्ये निकाल आला: कलमाचे शब्द स्पष्ट आहेत, त्याला अपवाद नाही, दावा चालणार नाही. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने तातडीच्या दाव्यांना कोर्टाच्या परवानगीने सूट मिळाली. माझ्या बेचाळीसशेंना कसली तातडी? वडील तर गेलेच.

ही नोटीस कशासाठी, तर सरकारला विचार करायला, चूक असेल तर कोर्टात न जाता सुधारायला वेळ मिळावा. हेतू चांगला. पण एकतीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या नोटिसांना आलेली उत्तरं मी बोटांवर मोजू शकते, आणि त्यातली बहुतेक 'आपले पत्र संबंधित शाखेकडे वर्ग करण्यात आले आहे' एवढीच. हे फक्त माझं रडगाणं नाही. विधि आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात आणि १९६४ च्या सत्ताविसाव्या अहवालात हे कलम काढूनच टाका म्हटलं होतं. सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही लिहिलं की पुष्कळ नोटिसांना उत्तरच दिलं जात नाही, आणि दिलं तर गोलमोल असतं. अशा नोटिसांना उत्तर जाईल याची जबाबदारी असलेला अधिकारी प्रत्येक सरकारने तीन महिन्यांत नेमावा, असा आदेशही त्यात होता. आमच्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण, हे मी माहितीच्या अधिकारात विचारलं. तो अर्जही संबंधित शाखेकडे वर्ग झाला आहे.

सरकारच्या ताब्यातल्या वस्तूचं काय होतं, याचा सगळ्यात कडू दाखला कस्तुरीलाल प्रकरणाचा. अमृतसरची सराफी पेढी. सप्टेंबर १९४७ मध्ये तिचा एक भागीदार सोनंचांदी विकायला मेरठला उतरला. चोरीच्या मालाचा संशय घेऊन पोलिसांनी त्याला धरलं आणि माल मालखान्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो सुटला, पुढे चांदीही परत मिळाली. सोनं होतं शंभर तोळ्यांहून जास्त. ते मालखान्याच्या हेडकॉन्स्टेबलने लांबवलं आणि ऑक्टोबरमध्ये तो पाकिस्तानात निघून गेला. पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९६४ चा सप्टेंबर उजाडला. पोलिसांचा निष्काळजीपणा न्यायालयाला दिसला, पण अटक आणि जप्ती ही राज्याची सार्वभौम कामं, सबब सरकार जबाबदार नाही. खुद्द न्यायालयालाच हे खटकलं असावं, कारण अशा बाबतीत कायदा करा, असं त्यांनी विधिमंडळांना त्याच निकालात सुचवलं. त्याही आधी, १९५६ मध्ये, सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या विधि आयोगाचा पहिलावहिला अहवाल याच विषयावर होता. विधेयकं आली, गेली. कायदा झाला नाही. ज्या इंग्रजांकडून आपण हे 'सरकार' शिकलो, त्यांनी १९४७ मध्येच स्वतःच्या देशात कायदा करून राजसत्तेवर साध्या माणसासारखा दावा लावायची मोकळीक दिली.

नंतरचे निकाल पुष्कळ नरमले, हे मान्य. जुनागडला कस्टमने पकडलेले ट्रक अपील चालू असतानाच बेवारस म्हणून विकले गेले, तेव्हा १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ताब्यात घेतलेली वस्तू नीट सांभाळून परत करायची जबाबदारी सरकारवर आहेच. म्हणजे माझी बाजू भक्कम. पण सर्वोच्च न्यायालयाचे दाखले जोडून बेचाळीसशे मागायचे, म्हणजे उंदराच्या बिळासमोर तोफ लावण्यासारखं आहे.

कुणी म्हणेल, ग्राहक आयोगात जा. तिथे पाच लाखांपर्यंत फी नाही. लखनौ विकास प्राधिकरणाच्या १९९३ च्या निकालाने सरकारी संस्थाही त्या कक्षेत आल्या, आणि भरपाई चूक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल करा, असंही त्यात आहे. पाणी, घर, भूखंड यांच्यासाठी मी स्वतः लोकांना तिकडे पाठवते. पण कोर्टाच्या बाबतीत ती वाट बंद. निकालाची नक्कल मागणारा पक्षकार हा कोर्टाचा ग्राहक नव्हे, असं राष्ट्रीय आयोगाने ठरवून टाकलं आहे. नक्कल मागणारा ग्राहक नाही, तर अनामत मागणारा कुठून होणार?

दावा लावायची मुदत टळली, हा मुद्दा सरकारी वकील कैफियतीच्या, म्हणजे लेखी उत्तराच्या, पहिल्या पानावरच घेतील, हेही मला कळतं. तो कसा लिहायचा तेही माहीत आहे, कारण ती कैफियत टाइप करायला माझ्याकडेच येण्याची शक्यता आहे. मद्रास पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की नागरिकाचं न्याय्य येणं बुडवायला सार्वजनिक संस्थेने मुदतीची ढाल पुढे करणं शोभत नाही. ते वाक्य मी पाठ करून ठेवलंय.

महोदय, सरकारवरचे सगळे दावे लघुवादात घ्या, असं माझं म्हणणं नाही. भूसंपादन, नोकरी, परवाने, त्यांची जागा वेगळी. माझं मागणं एवढंच आहे की जी रक्कम ठरलेली आहे, जिची सरकारी पावती आहे आणि जी देणं लागतो हे कार्यालय नाकारत नाही, अशी, समजा पंचवीस हजारांपर्यंतची रक्कम मागायला नागरिकाला लघुवादाचं दार उघडं असावं. पंचवीस हजार मी हवेतून काढलेले नाहीत. त्याहून लहान रकमेच्या वसुलीच्या दाव्यात दुसरं अपील नाही, अशी रेघ संहितेच्या कलम १०२ ने आधीच मारून ठेवली आहे. अशा मागणीला कलम ८० चे दोन महिने नकोत, एक महिना पुष्कळ झाला. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर कोर्टाने पावती आणि रजिस्टर एवढं बघून हुकूम करावा, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कुणाला उभं न करता. आणि मागणी ज्या कोर्टाविरुद्ध असेल, तिथे ती चालू नये. शेजारच्या तालुक्यात वर्ग व्हावी, म्हणजे बेलीफही मोकळेपणाने हसेल.

राज्याच्या हातात हे नाही, असं उत्तर कृपया देऊ नका. दिवाणी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्य तिच्यात दुरुस्ती करू शकतं, हे तुमच्याच विभागाने दाखवून दिलंय. कोर्टाच्या अधिकारक्षेत्रावरचा आक्षेप आधी निकाली काढा, असं सांगणारं कलम ९अ महाराष्ट्राने स्वतःसाठी संहितेत घातलं होतं, त्याने दावे वर्षानुवर्षं रखडतात हे लक्षात आल्यावर २०१८ मध्ये काढूनही टाकलं. ते घालताना आणि काढताना, दोन्ही वेळा, आमच्या आवारात टायपिंगचं काम वाढलं होतं. माझी तक्रार नव्हती.

वर्तमानपत्रात अधूनमधून फोटो येतो, भरपाई दिली नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांची खुर्ची नाहीतर गाडी जप्त, डेपोतली एसटी जप्त. बेलीफ खुर्ची उचलून बाहेर नेतोय आणि लोक मोबाइल धरून उभे. लोकांना गंमत वाटते. मला त्या फोटोत खुर्ची दिसत नाही. त्या खुर्चीपर्यंत पोचायला लागलेली वीस वर्षं आणि वकिलाच्या पायऱ्या दिसतात. बेचाळीसशे रुपयांत खुर्चीचा एक पाय तरी जप्त होईल का, असं मी बेलीफाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, चाकाची असेल तर होईल."

माझी नोटीस तयार आहे. 'तर सदरहू नोटीस पावलेपासून दोन महिन्यांचे आत रुपये ४,२०० अधिक व्याज अदा करावे, न केलेस होणाऱ्या परिणामांची व खर्चाची जबाबदारी आपणांवर राहील' इथपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा 'आमचे अशील' खोडून 'मी' लिहिलं. उद्या ती स्पीड पोस्टाने जिल्हाधिकाऱ्यांना जाईल, या पत्रासोबत एक प्रत आपल्याला. पावतीची झेरॉक्स जोडली आहे. मूळ पावती मागू नये, ती देणार नाही.

आपली,
एक टंकलेखिका,
तालुका न्यायालयाचं आवार, स्टॅम्पवाल्यांच्या शेजारी